पातेल्यातला भात

४ जानेवारी १९५५, मंगळवार

डॉक्टरांनी आज मला भट्टी म्हटलं! "बाई, वय झालं की शरीराची भट्टी मंदावते. पूर्वीइतकंच खाल्लं तर अंगावर चढणारच. वजन उतरवा, नाहीतर गुडघे गेले." स्वतःचं पोट टेबलाला टेकलंय, ते नाही दिसत! मी ताटात दोन पोळ्या घेते आणि चिमूटभर भात. चिमूटभर! हे असते तर त्यांनी साक्ष दिली असती.

पण गुडघे हवेत. सगुणा, माझी धाकटी बहीण, डोंबिवलीला दुसऱ्या मजल्यावर राहते. दम्यामुळे तिला उतरवत नाही, गुडघ्यांमुळे मला चढवत नाही. वर्षभर मी रस्त्यावरून आणि ती गॅलरीतून, अशा ओरडून बोलतोय. भाजीवालीसारख्या!

९ जानेवारी

चहातली साखर बंद. रोज सकाळी तळ्याला फेरी. तो चहा म्हणजे निव्वळ शिक्षा.

१६ जानेवारी, रविवार

वजन तसूभर हललं नाही. स्टेशनवरच्या यंत्रातून तिकीट आलं, मागे भविष्य — 'प्रवास घडेल.' मेल्या, आधी जिना चढव!

डोंबिवलीला गेले. सगुणा वरून ओरडली, "ताई, ताटातलं राहू दे! जेवण झाल्यावर पातेलं पुसून खातेस ना, ते थांबव!" अख्ख्या चाळीने ऐकलं.

खातेच मुळी! मिशनच्या शाळेत शीत टाकलं तर सिस्टर बाकावर उभं करायची. रेशनच्या दिवसांत तर कणीसुद्धा निवडून ठेवली. पण मुळात भात उरतोच कसा? कोठीची किल्ली माझ्या कमरेला, रोज तांदूळ मीच मापून देते. सुनेला, हेमाला, शिजवण्याचा अंदाज नाही, दुसरं काय!

"आई, माप तुम्हीच देता," ती पुटपुटली. मी डोळे वटारले.

१७ जानेवारी

पातेलं हेमाच्या हवाली केलं. तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही. (एकदा पाहिलं.)

२० मार्च, रविवार

परकराची नाडी आवळावी लागतेय! डॉक्टरांना ऐकवून आले — भट्टी पेटली म्हणून. बिनसाखरेचा चहा आता आवडायला लागलाय. हे कुणाला सांगणार नाही.

१७ एप्रिल, रविवार

चढले! मधल्या वळणावर टेकले, पण चढले. सगुणाने गच्च मिठी मारली.

"जवळून म्हातारी दिसतेस गं, ताई!"

"तू लांबूनही दिसायचीस."

मागे वळून बघते तर हेमा कठडा धरून धापा टाकतेय! तिचं वय ते काय!

"अगं, तुला काय झालं?"

"उरलेला भात, आई. टाकायचा नाही म्हणता ना!"

तिच्या ब्लाउजच्या उसवून सैल केलेल्या शिवणी मला आज दिसल्या. सगुणा हसली, खोकली, पुन्हा हसली. मीही.

१८ एप्रिल

सकाळी तांदूळ मापताना हात थांबला. मुलाची, उत्तमची वाटी, हेमाची, माझी. आणि चौथी — यांची. यांना जाऊन तीन वर्षं झाली.

चौथी वाटी कोठीत परत ओतली. हळू.