कोमट पाणी

आई, तुला जाऊन एकोणीस वर्षं झाली आणि आज मी तुला एका पातेल्याविषयी लिहितेय. हसशील तू. पण परवा मला ऑपरेशनसाठी ॲडमिट व्हायचंय. पोटात गाठ आहे, डॉक्टर स्पष्ट काही बोलत नाहीत, आणि त्याआधी हे तुला सांगायलाच हवं.

आपल्या चर्चच्या मंडळीतली कुणी बाई वारली की तिला अंघोळ घालायला तुला बोलावणं यायचं. दवाखान्यातली आयाची ड्युटी संपवून तू तशीच निघायचीस आणि मलाही न्यायचीस, कारण घरात एकटी राहायला मी घाबरायचे. म्हणजे भुताला भिऊन मढ्याजवळ! तिथं गेलीस की आधी स्वयंपाकघरात शिरून पाणी तापत ठेवायचीस. सोलापूरचा उन्हाळा असला तरी तुझं पातेलं चढलंच. मग कोपर बुडवून बघायचीस, तान्ह्या लेकराच्या अंघोळीला बघतात तसं. एकदा एका सुनेनं विचारलंच, "मावशी, आता त्यांना काय कळतंय गार अन् गरम?" तू डाफरलीस. "तिला न्हाय कळत, मला कळतंय की! प्रभूच्या दारात जायाचंय तिला. गारठून जाऊ दे व्हय?" मी चौकटीला चिकटून उभी. तू मला म्हणतेस, "ये की हितं. पाय धर तिचे. भ्यायचं काय त्यात? पलीकडं तो उभा हाय घ्यायला. आपण निस्तं दारापतूर सोडायचं." मी आले नाही. कधीच आले नाही.

तू गेलीस ती जानेवारीतल्या सकाळी. बायका जमल्या आणि सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. तुझी मुलगी, तुझं काम आता हीच करणार. मी "पाणी तापवते" म्हणून स्वयंपाकघरात गेले. बराच वेळ झाला, बायकांनी हाका मारल्या, मग टाकीतून बादली भरल्याचा आवाज आला. नंतर मी सगळ्यांना सांगितलं, गॅस संपत आला होता, पाणी तापेचना.

मागच्या महिन्यात माझा रिपोर्ट आला आणि भीतीनं माझी पार दैना झाली. घास गिळेना, प्रार्थनेला तोंड उघडेना. देवाशी कडकडून भांडले. अशात एका सकाळी पाळकांच्या बायकोचा फोन आला. आपल्या गल्लीतली बिड्या वळणारी म्हातारी गेली, मागं कुणी नाही, तुम्ही याल का? मी आजारी आहे म्हणाले आणि फोन ठेवला. मग काय झालं कुणास ठाऊक, उठले आणि गेले. पाणी तापवलं. कोपर बुडवलं. तिच्या बोटांना अजून तंबाखूचा वास होता. आधी तिचे पाय धरले आणि मोठ्यानं प्रार्थना म्हणायला लागले, आवाज फाटला तरी म्हटली. आणि आई, तो होता गं तिथं. कसं सांगू तुला? म्हातारी, मी आणि तो. इतके दिवस छातीवर बसलेली भीती उठून कोपऱ्यात जाऊन बसली. अजून तिथंच आहे, बघते अधूनमधून माझ्याकडं. बसू दे.

काल मुलीला सांगितलं, माझं काही झालंच तर पाणी कोमट कर. "काहीतरीच काय बोलतेस!" म्हणून रडली, चिडली. मग डोळे पुसून म्हणाली, "किती कोमट?" मी तिला कोपर दाखवलं.

एवढं लिहिलं आणि खरं ते राहिलंच. तू गेलीस त्या सकाळी पाणी तापलं होतं, आई. चांगल्या वाफा येत होत्या. मी गॅस बंद केला, दाराला आतून कडी लावली आणि पातेल्याकडं बघत बसले. माझ्या भित्रेपणापायी तुला गार पाण्यानं अंघोळ घातली त्यांनी. हा कागद तुझ्या चष्म्याच्या डबीत घडी घालून ठेवतेय, पाठवायचा तरी कुठं? भेटशील तेव्हा डाफर माझ्यावर. या वेळी मी कडी लावणार नाही.