दोन सेकंदांची नजर

६ जानेवारी, मंगळवार

केळझरला गणपतीच्या देवळात आज तीन बायांनी विचारलं — "यमुना नाई आली काय?" मला! प्रफुलच्या शेजारी हातात नारळ घेऊन उभ्या असलेल्या त्याच्या लग्नाच्या बायकोला!

प्रफुल हसला. "ती तिच्या घरी हाय, काकू. ही माही मिसेस." काकूंनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "असं काय," म्हणाल्या. जणू मीच कुठून तरी मध्ये घुसले.

यूट्यूबवरच्या मालिकेत प्रफुल शंकरचं काम करतो आणि जाम गावची काजल त्याच्या बायकोचं, यमुनाचं. दोन वर्षं मीच कौतुकाने सगळ्यांना लिंक पाठवत होते. आज मात्र नारळ जरा जास्तच जोरात आपटला. देवापुढे काय मागितलं ते इथेही लिहवत नाही.

८ जानेवारी

एडिटिंग करणारा सचिन पुण्याला नोकरीला गेला, म्हणून ते काम माझ्या गळ्यात. "शाळेत कॉम्प्युटर शिकवते ना तू, मंग हे काय कठीण हाय?" — इति प्रफुल. कॅमेरा रूपरावचा. कामाचे तेवढे तुकडे निवडून तो पेनड्राइव्हवर देतो, आवाज वेगळा देतो. मी जोडायचे.

तर आज शाळेतून येऊन बसले आणि तो शॉट बघितला. शंकर शेतातून घरी येतो. यमुना म्हणते, तुमची वाट पाहून राह्यली होती, जेवली नाई. तो खाली बघतो, मग हळूच वर. दोन सेकंद. डोळ्यांत पाणी यायच्या बेतात, आणि ओठाची डावी कड जराशी हलते.

बस्स. एवढंच. सात वेळा बघितलं! एवढी माया अशी ठरवून आणता येते?

११ जानेवारी

भाग टाकला. लोक वेडे झालेत. "हे अ‍ॅक्टिंग नाई राजेहो." "डोये पहा त्याचे." "दोघायचं खरंच लग्न लावून द्या." या शेवटच्याला दीडशे लाइक. त्यात एक माझ्या मावसबहिणीचा! लग्नात माझ्या मागे करवली म्हणून मिरवली होती.

प्रफुल एकेक वाचून दाखवत होता. मी पोळ्या लाटत होते. एक करपली.

१३ जानेवारी

शूटिंगला निघताना प्रफुलने आज दोनदा केस विंचरले. दोनदा.

१७ जानेवारी, शनिवार

समोरच्या सुलोचनाबाईंकडे हळदीकुंकू. नाव घ्या, नाव घ्या, म्हणून मागे लागल्या. घेतलं. उखाण्यात "प्रफुलराव" आल्याबरोबर मागून एकजण ओरडली, "अवं, हा तं यमुनाचा!" सगळ्या खो खो हसल्या. मी सगळ्यांपेक्षा जास्त हसले.

निघताना सुलोचनाबाईंनी वाणाची चाळणी हातात दिली आणि हळूच म्हणाल्या, "ध्यान ठेवजो वं पोरी. माह्या भावाचं असंच झालतं." भावाचं काय झालं ते विचारायचं धाडस झालं नाही. घरी आले, दाराला कडी लावली आणि चप्पल न काढता खाटेवर बसून राहिले. भीती वाटते. सरळ सांगायचं तर हा माणूस आपल्या हातून जाईल, याची भीती वाटते. आणि जाताना मीच त्याची पाठवणी करतेय — भाग कापून, गाणं लावून!

२० जानेवारी

आजच्या भागातही तशीच एक नजर होती. मी काढून टाकली.

त्याला लगेच कळलं. "तो शॉट काऊन काढला? त्यातच तं जीव होता."

"लांबत होतं."

"दोन सेकंदानं काय लांबते? टाक वापस. पब्लिकले तेच पाह्यजे."

टाकला. त्याची नजर, त्यानंतर काजलचा चेहरा. ती लाजते. आणि माझ्या ध्यानात आलं — तो कोणाकडे बघतो, हे मीच ठरवते की! पुढे गोठ्यातली म्हैस लावली असती तर तो म्हशीकडे बघत असता. पण नाही. मी काजल लावली. इतक्या सुबकपणे लावली की माझ्याच अंगावर काटा आला.

मात्र "कट" म्हटल्यानंतर तो कोणाकडे बघतो? ते तुकडे रूपराव कधीच देत नाही. काऊन देत नाही?

(बघा, मीही त्याच्यासारखी लिहायला लागले.)

२२ जानेवारी

रूपरावला फोन केला. म्हटलं, पहिल्यापासूनचं सगळं शूटिंग पाहिजे, न कापलेलं. गमतीचे तुकडे जोडून एक भाग करू. खोटं बोलले. त्याने हुज्जत न घालता हार्डडिस्क आणून दिली.

टेबलावर आहे. दोनदा वायर जोडली, दोनदा काढली. त्यात काही निघालं तर मी कुठे जाऊ? आर्वीला माहेरी? बाबांना काय सांगू, पुरावा मीच शोधून काढला म्हणून?

२३ जानेवारी, शुक्रवार

बघितलं! अरे देवा, बघितलं!

काजलला जामची साडेचारची बस असते. ती चुकवायची नाही, या अटीवर वडील पाठवतात. कॅमेरा एकच. म्हणून तिच्या चेहऱ्याचे सगळे शॉट आधी उरकतात. मग ती पिशवी घेते, "येतो जी दादा" म्हणते आणि जाते. दादा म्हणते त्याला! आणि ती गेल्यावर प्रफुलचे चेहरे घेतात.

मग त्या दोन सेकंदांत समोर कोण? रूपराव! उलट्या बादलीवर बसलेला, गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा. खर्ऱ्याच्या आवाजात यमुनाचं वाक्य म्हणतोय — "तुमची वाट पाहून राह्यली होती, जेवली नाई." आणि प्रफुल खाली बघतो, हळूच वर, डोळे भरून... रूपरावकडे! लगेच नाक ओढून विचारतो, "आलं का बे? नाई तं अजून एक घेऊ."

मी हसले. हसता हसता रडले. मग तोंड धुऊन वांग्याची भाजी केली, त्याच्या आवडीची, तेल सुटेपर्यंत. रूपरावचा मत्सर करत होते मी पंधरा दिवस! काजलची तर मनातल्या मनात माफी मागितली. आज पहिल्यांदा पोटभर जेवले.

२४ जानेवारी

सकाळी सगळं सांगून टाकलं त्याला. भीती, चाळणी, हार्डडिस्क, सगळं. वाटलं हसेल, किंवा चिडेल.

त्याने खाली बघितलं. मग हळूच वर. डोळ्यांत पाणी यायच्या बेतात, ओठाची डावी कड जराशी हलली. "येडी हायस काय? तुह्याबिगर कोन हाय मले?"

दोन सेकंद.

आर्वीला मला बघायला आला होता, तेव्हा चहाचा कप घेताना असंच बघितलं होतं. त्यावरच मी हो म्हटलं होतं.