काकांचा सुविचार अजून येतो

महाड, २० मार्च २००८

प्रिय चंदूस, दादाचे अनेक आशीर्वाद. इकडे सर्व ठीक (माझी झोप सोडून). तुझी पाठ आणि माधुरीचा खोकला कसा आहे ते कळवावे.

तुला रजा मिळाली नाही, म्हणून दत्ताराम काकांच्या दहाव्याची हकिगत सविस्तर लिहितो. पण आधी थोडे मागचे. आपल्या निशाला ऑर्कुटचे वेड लागले (अकरावीचे वर्ष, आणि कॉलेज सुटले की ही मुरारीच्या सायबर कॅफेत!), तेव्हा काकांना पोलादपूरहून मीच बोलावून घेतले. आयुष्यभर शाळेत नीतिपाठ शिकवलेला माणूस, पोरीला वळण लावील अशी आशा. काका शत्रू पाहायला म्हणून जपमाळ घेऊन तिच्या शेजारी बसले, आणि महिन्याभरात तिच्या आधी कॅफेत हजर होऊ लागले. रोज सकाळी एक सुविचार टाकायचा, ही समाजसेवा आहे, असे उलट मलाच ऐकवीत. भूत काढायला आणलेल्या भगतालाच भूत लागले म्हण. (दिवाळीत आला होतास तेव्हा त्यांना खाते उघडून देणारा तूच, हे विसरू नकोस.)

तर दहाव्याला सावित्रीकाठी पिंड ठेवला. समोरच्या पिंपळावर कावळे ओळीने बसलेले, पण एकही खाली उतरेना. मी हात जोडून म्हटले, काका, तुमचा कलमी आंबा तोडणार नाही. हिने सांगितले, तुमची पुस्तके वाचनालयाला देऊ. ढिम्म! ऊन चढले. गुरुजींना पुढे बिरवाडीचे काम, त्यांनी दर्भाचा कावळा करायला घेतला. तेवढ्यात निशा पुढे झाली आणि रडत म्हणाली, "काका, तुमचा रोजचा सुविचार मी टाकत जाईन." वाक्य पुरे व्हायच्या आत कावळा पिंडावर! भर उन्हात माझ्या अंगावर काटा आला. आणि रागही आला. ज्या व्यसनातून पोरीला सोडवायचे, तेच पितरांच्या साक्षीने तिच्या गळ्यात पडले. आता नाही म्हणायची सोय उरली नाही.

दुसऱ्या दिवसापासून सुविचार येऊ लागला. पोर वचन पाळते की नाही हे पाहायला (केवळ एवढ्याचसाठी) मीही खाते उघडले आणि कोर्टात कामावर जाण्याआधी मुरारीकडे डोकावू लागलो. खरे सांगतो, काकांचा फोटो आणि खाली ताजी ओळ पाहिली की ते गेले असे वाटतच नसे. मला त्यांची फार आठवण येते रे. मग दुपारीही जाऊ लागलो. परवा निशाला शाबासकी दिली, तर ती पांढरीफटक पडली. "बाबा, पहिल्या दिवशी मी टाकायला गेले, तर आधीच टाकलेला होता. घाबरून मी परत गेलेच नाही. मला वाटलं, तुम्हीच टाकता." मुरारीला विचारले, तर तो म्हणाला, "मी कशाला टाकू, भाऊ? सोमवारी तर दिवसभर लाईट नाय, कॅफे बंदच होता." सोमवारचा सुविचार मात्र आहे.

एक बरे झाले, निशा आता संध्याकाळी घरीच अभ्यास करते. माधुरीला आशीर्वाद.

तुझा दादा,
राजेंद्र

ता. क. काकांचा पासवर्ड निशाखेरीज फक्त तुला ठाऊक आहे. थट्टा करत असशील तर रागावणार नाही, पण सांग.

आणखी ता. क. पत्र पेटीत टाकायला निघालो, तो वाटेत मुरारीकडे डोकावलो (शेवटचेच). आजचा सुविचार उतरवून देतो: 'दिवसातून दोनदा इथे येणाऱ्याने घरी लेकीशीही दोन शब्द बोलावेत.' मी दोनदा जातो हे मी घरात कुणालाही सांगितलेले नाही, हिलासुद्धा. चंदू, तू लिहीत असशील तर ताबडतोब उत्तर पाठव. तू नसशील, तर पाठवू नकोस.