पुस्तकातली बहीण

प्रिय केलेपी,

पाकिटावर माझं नाव वाचून तुला वाटलं असेल, लुपे आत्याला काही झालं. तसं काही नाही, आत्या धडधाकट आहे. परवाच तिनं फेरीबोटीच्या एका खलाशाला धक्क्यावर सगळ्यांदेखत झापलं, कारण तो तिच्या तारोच्या कंदांच्या पोत्यावर बूड टेकून बसला होता. पत्र माझं आहे, लेसिएलीचं. आजवर मी तुला एक ओळ लिहिली नाही. तू तेरा वर्षांचा झालास तेव्हा बाबांनी तुझी चटई उचलून मागच्या मुलांच्या खोपटात नेली, आणि त्या दिवसापासून आपण दोघं एका छपराखाली बसलो नाही. मी घरात शिरले की तू मागच्या दारानं बाहेर. निरोप द्यायचा तर आईच्या तोंडून. बहिणीचा मान मोठा, तिच्यासमोर थट्टा करायची नाही, प्रेमाबिमाचा शब्द काढायचा नाही, एका खोलीत बसून रेडिओवरचं गाणंसुद्धा ऐकायचं नाही. तिकडे ऑकलंडमध्ये म्हणे भाऊबहीण एका सोफ्यावर बसून सिनेमा बघतात. इथं अजूनही मी दारात दिसले की आत्याचे पन्नाशीतले मुलगे, तेही भाऊच म्हणून, टीव्ही तसाच चालू ठेवून पळ काढतात. पुष्कळ दिवस विचार करून मी ठरवलं की कागद म्हणजे काही खोली नव्हे. तुला संकोच वाटला तर पत्र घेऊन बाहेर जा आणि तिथं वाच.

तुझं पुस्तक इथं येऊन पोचलं. नवे पाद्री राजधानीला, नुकुअलोफाला गेले होते, त्यांनी आणलं. रविवारी प्रवचन बाजूला ठेवून त्यांनी त्यातलं एक प्रकरण आपल्या भाषेत करून सांगितलं, पाद्रीची मुलगी गाते ते. अख्खं चर्च रडलं. तुझ्या कविता पेपरात यायच्या तेव्हा इथं कुणी ढुंकून बघितलं नव्हतं, समुद्र आणि आठवण यापलीकडे त्यांत काही नसतं असं आत्याच म्हणायची. आता तीच पुस्तक उशीखाली घेऊन झोपते. इंग्रजी तिला ओ की ठो येत नाही. पाठीमागच्या तुझ्या फोटोवर बोट ठेवून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते, "हा आमचा केलेपी. चर्चला जात नाही म्हणून याला नावं ठेवायचात ना? बघा आता, देवाचं किती सुंदर लिहिलंय पोरानं!" तो फोटो मीही बघितला. तुझे केस पांढरे झालेत, कपाळ बाबांसारखं झालंय. खरं सांगते, तुझ्या चेहऱ्याकडे मी एवढा वेळ कधीच बघितलं नव्हतं. आपल्यात ती सोयच नव्हती.

मग मी ते वाचलं. माझं शाळेतलं इंग्रजी गंजलंय, त्यामुळे पावसाळा गेला. तुझ्या सेइनीचा बाप आपल्या बाबांसारखाच पाद्री, तिचं मन दुसऱ्या चर्चच्या एका पाणबुड्यावर बसतं, तो समुद्रात मरतो, तिचा बाप स्वतः त्याच्यासाठी प्रार्थना करतो, त्याला आपल्या चर्चच्या आवारात पुरतो. आणि पुढच्या रविवारी सेइनी गायला उभी राहते, तिचा आवाज छताला जाऊन भिडतो आणि देव तिला आतून भरून टाकतो. ती शांत होते. पुढं जन्मभर शांतच राहते. पुस्तकाचा शेवटही किती छान केलास, म्हातारी सेइनी समुद्राकडे बघत हसतेय. पहिल्यांदा वाचलं तेव्हा आनंद झाला. म्हटलं, कुणाला तरी ठाऊक होतं! एवढी वर्षं मला वाटायचं, आपल्या घरात फोलाऊचं नाव फक्त माझ्या एकटीच्या डोक्यात आहे. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा मात्र पुस्तक भिंतीवर फेकलं. आत्यानं उचललं, पुसलं आणि मला विचारलं, "पाल होती का गं?" मी हो म्हटलं.

केलेपी, फोलाऊला पुरायचा खड्डा खणणाऱ्यांत तू होतास. तो कुठं खणला हे तुला माहीत आहे. चर्चच्या आवारात नाही, त्याच्या मामाच्या सुरणाच्या शेताच्या कडेला, जिथं डुकरं येऊ नयेत म्हणून पत्रे ठोकले होते तिथं.

तू खोपटात राहायचास, त्यामुळे अर्धं तुला ठाऊक नसेल. फोलाऊ बुड्या मारून समुद्रकाकड्या, ते तळाचे लिबलिबीत प्राणी, काढायचा आणि धक्क्यावर वाळत घालायचा. हसरा, तोंडाळ. मी चर्चच्या चटया धुवायला जायचे तेव्हा मुद्दाम मोठ्यानं आपल्या चर्चचं भजन म्हणायचा, तेही सगळं बेसूर. मी म्हटलं, "अरे निदान आमची चाल तरी नीट म्हण." तर म्हणाला, "मग शिकव की. दुसऱ्या चर्चचं शिकलो तर जीभ थोडीच झडणार आहे." असं वर्षभर चाललं. शेवटी बाबांना कळलंच. बाबा ओरडले नाहीत, तुला माहीत आहे ते कधी ओरडायचे नाहीत. म्हणाले, "त्यानं आपल्याकडे यावं. पाण्यात उभं राहून बाप्तिस्मा घ्यावा. मग मी स्वतः तुमचं लग्न लावीन." फोलाऊला सांगितलं तर तो हसला. "तुझ्या बापाला मला पाण्यात बुडवायचंच असेल तर बुडवू दे. मला पोहता येतं." त्याच्या आईनं मात्र डोकं आपटून घेतलं. "आणि मेल्यावर तू कुणाशेजारी झोपणार? तुझा बाप आमच्या चर्चच्या आवारात आहे, आजा आमच्या आवारात आहे!" तरी त्यानं त्यांच्या पाद्रींना जाऊन सांगितलं, मी चाललो. आपल्याकडे तो रविवारी येणार होता.

गुरुवारी तो मोठ्या खडकापलीकडे हवेची बाटली पाठीला लावून उतरला, तिथं काकड्या मोठ्या मिळतात म्हणून. तुम्ही पोरं सांगायचात ना, खोल पाण्यातून घाईनं वर आलं की माणूस आतून फुटतो. तो होडीतच गेला. आणि मग दोन दिवस तो त्यांच्या पडवीत पडून राहिला, कारण त्यांचे पाद्री म्हणाले तो आमचा राहिला नाही, आणि बाबा म्हणाले तो अजून आपला झाला नाही. मी बाबांच्या पायाशी बसले. मी म्हटलं, तो यायलाच निघाला होता ना, बाबा? त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. म्हणाले, "देवाची इच्छा, लेसी. नियम माणसानं वाकवायचे नसतात." पुरताना मला जवळ येऊ दिलं नाही, मी त्याची कोण होते? बायको नाही, बहीण नाही. रस्त्यावर उभी राहून मी तुमच्या फावड्यांचा आवाज ऐकला. त्या दोन दिवसांत मी जेवढी प्रार्थना केली तेवढी आधी जन्मात केली नव्हती. फक्त एवढंच मागितलं होतं, त्याला एक जागा मिळू दे. ऐकणारं कुणी असतं तर एवढी लहान गोष्ट त्यानं ऐकली असती.

रविवारी मी गायला उभी राहिले. इथपर्यंत तुझं पुस्तक खरं आहे. तोंड उघडलं आणि काही आलं नाही. आवाज बसला नव्हता. आत काही नव्हतंच. मी ओठ हलवत राहिले. ऐंशी जण गात असताना एकीचा आवाज नसला तर कुणाला कळतं? पुढच्या रविवारीही तसंच, त्याच्या पुढच्याही. वर्षभरानं चर्चच्या गाण्याचा ताफा चालवणारी सियुआ म्हातारी वारली आणि तिच्या जागी माणूस हवा होता. मी लगेच हात वर केला. सगळ्यांना वाटलं, केवढी भक्ती! अरे, ताफ्यापुढं उभं राहून जो हात हलवतो त्याला गावं लागत नाही, एवढंच मी हेरलं होतं. लोकांकडे तोंड नसतं, देवाकडे पाठ असते. फोलाऊ गेल्यापासून मी त्या चर्चमध्ये एक सूर काढलेला नाही आणि अख्ख्या बेटाला वाटतं लेसिएली म्हणजे गाणं.

म्हणशील, मग सोडून का दिलं नाहीस? तू सोडलंस, तुझ्याकडे विमानाचं तिकीट होतं. इथं चर्च सोडणारी बाई कोण असते, सांग. सणाला, मयतीला कमरेला गुंडाळायची तिची चटई कुणी विणायची, तिच्या घरी आजारपणात कोण येणार, जेवणाच्या रांगेत ती कुठं बसणार? मी पाद्रीची मुलगी, ताफ्याची बाई, आत्याची भाची. यातलं चर्च वजा केलं तर नुसती लेसिएली उरते, आणि तिला इथं कुणीच ओळखत नाही. मलाही ती फारशी ठाऊक नाही.

तुझा राग मला येतो तो याचा. तू स्वतः देव मानत नाहीस, हे इथं सगळ्यांना कळून चुकलंय, फक्त आत्यासमोर कुणी बोलत नाही. आणि तरी तू सेइनीला ओंजळ भरभरून श्रद्धा दिलीस. आधी वाटलं, पुस्तक खपावं म्हणून. आता वाटतं, नाही. तुला गाव तसंच हवं होतं. तुझ्याच्यानं जपवलं नाही ते कुणीतरी इथं जपतंय, एवढं तुला हवं होतं. जाताना माणूस आईच्या ट्रंकेत आपलं सामान ठेवून जातो ना, तसा तू तुझा देव माझ्याकडे ठेवून गेलास. मला विचारलंही नाहीस. आणि विचारणार तरी कसा होतास?

हेही मी गिळलं असतं. पण फुसी आली. तू तिला ओळखणार नाहीस, धक्क्याजवळच्या दुकानदाराची सून. तिचं पहिलं मूल वादळाच्या आठवड्यात गेलं. पाद्रींनी तिला ते प्रकरण परत वाचून दाखवलं, मग ती माझ्याकडे आली, कारण सेइनी म्हणजे मीच हे आता लहान पोरालाही कळलंय. म्हणाली, "मावशी, गाताना मलाही तसं होईल ना? भरून येईल ना आत?" काय सांगणार होते मी? हो म्हटलं. तिला ताफ्यात पहिल्या ओळीत उभं केलं. महिन्याभरानं परत आली, डोळे सुकलेले. "नाही झालं, मावशी. सगळ्यांना होतं, तुम्हाला झालं. माझ्यातच काहीतरी खोट आहे. म्हणूनच देवानं बाळ नेलं असेल." केलेपी, तिचा हात माझ्या हातात होता. तिला खरं सांगायला दोन वाक्यं पुरली असती. माझ्यानं ती बोलवली नाहीत. माझ्यातली ताफ्याची बाई जागची हलली नाही. फुसी अजून दर रविवारी माझ्यासमोर उभी राहते. तिचे ओठ हलतात, आणि मला समोरून दिसतं की आवाज येत नाही.

आता का लिहितेय ते सांगते. माझ्या पोटात गाठ आहे. नुकुअलोफाच्या डॉक्टरांनी बघितली, ती आता पसरली आहे, ऑकलंडला नेऊनही उपयोग नाही म्हणाले. फक्त आत्याला सांगितलंय. एक दिवस रडली आणि दुसऱ्या दिवशी पेटीतून मयतीच्या जुन्या चटया काढून उन्हात घातल्या, माझ्या उशाशी ती स्वतः बसणार, पायाशी अमकी, असं तिनं ठरवूनही टाकलं. पाद्री तुझं ते पान वाचणार, हेही ठरलंय. तू नक्की येशील, मला माहीत आहे. पण बहिणीच्या मयतीला भावाची जागा कुठं असते ते तू विसरला नसशील. मागं, भट्टीच्या खड्ड्यापाशी. छातीपर्यंत सुतकाची फाटकी चटई गुंडाळून तू डुक्कर भाजत असशील, धुरातून तुझंच पान तुला ऐकू येईल, आणि माझ्याजवळ तुला कुणी फिरकू देणार नाही. म्हणून आधी ये. सरळ पुढच्या दारानं माझ्या खोलीत ये आणि बस. आत्या आरडाओरडा करील, करू दे. मला एकदा माझ्या माणसासमोर तोंडानं म्हणायचंय की फोलाऊ गेला तेव्हा मला कुणी सावरलं नाही, आणि त्यानंतरही कधी नाही. त्यावर तू काही बोलू नकोस, नुसतं ऐक. मग फुसीला आत बोलावीन आणि तुझ्यादेखत तिलाही सांगेन. तू असलास तर मला जमेल. पण उशीर करू नकोस, केलेपी. मी गेल्यावर तू त्या धुरात कितीही रडलास तरी ते मला दिसणार नाही. मी वरून बघत वगैरे नसणार.

तुझीच,
लेसिएली