शब्दकोशातला डबा

शालकमहाराजांच्या सेवेशी,

बहिणीच्या नवऱ्याचा आदरपूर्वक नमस्कार. (आदर नात्याचा आहे, तुझा नाही, हे सुरुवातीलाच सांगून टाकतो. पुढे गैरसमज नको.) इकडे आम्ही दोघं धडधाकट आहोत. तिकडे तुझी कंबर, तुझ्या सासूबाईंचा गुडघा आणि तुझ्या दुकानात दुरुस्तीला येऊन कायमचे मुक्कामाला राहिलेले ते प्रिंटर, या सर्वांच्या प्रकृतीची मी मनापासून चौकशी करतो. हे फोनवर विचारता आलं असतं. पण फोनवर तू मधेच बोलतोस, आणि माझं म्हणणं सलग ऐकून घेण्यासारखं असतं, असं माझं प्रामाणिक मत आहे. पत्रात तुला मधे तोंड घालता येत नाही. म्हणून पत्र.

मुद्द्याचं आधी लिहितो. आमच्या लग्नाच्या वाढदिवसाला तू तुझ्या ताईला जो होम थिएटरचा कॉम्प्युटर दिलास, तो बिघडलेला आहे. तो आपला आपणच सुरू होतो. तू पुढच्या आठवड्यात जातीने ये आणि तो घेऊन जा. माणसाला आयुष्यात जमवण्यासारखी एकच गोष्ट असते, ती म्हणजे त्याचा शब्द. तुझ्या त्या डब्याने माझा शब्द चारचौघांसमोर उघडा पाडला. कसा, ते सविस्तर सांगतो. घाई असेल तर दुकान बंद करून वाच.

मुळात तुझ्या भेटवस्तूंचा माझा अनुभव चांगला नाही. मागे तू एक बोलणारा वजनकाटा दिला होतास. आमच्या वाचनालयाच्या अध्यक्षीणबाई (त्या दातांच्या डॉक्टर आहेत, माझे चार दात त्यांच्याकडेच गेले) घरी आल्या असताना मी हळूच काट्यावर उभा राहिलो, तर त्याने आतल्या खोलीतून माझं वजन अशा खणखणीत आवाजात जाहीर केलं की बाईंनी चहात साखर नको म्हणून सांगितलं. माझ्या चहात. तेव्हापासून तुझ्याकडून खोकं आलं की मी ते आधी कानाला लावून बघतो.

आता माझी चळवळ. ती तुला माहीत आहे, पण तू भाषणाला आलास की मागच्या रांगेत झोपतोस, म्हणून थोडक्यात सांगतो. बैठकीची खोली ही माणसांनी एकमेकांकडे बघत बसण्यासाठी असते. तिथे पडदा आला, मग तो टीव्हीचा असो, कॉम्प्युटरचा असो, की सगळ्या खुर्च्या वळतात आणि एकाच भिंतीकडे तोंड करून बसतात. ज्या घरात सगळ्या खुर्च्यांची तोंडं एकाच दिशेला, ते घर नव्हे, ती कधीच न सुटणारी बस आहे. (या वाक्याला टाळ्या पडतात. तू झोपलेला असतोस.) जगात राज्यं उलथली ती माणसं समोरासमोर बसून बोलली म्हणून. एका रांगेत बसून कुणी काही उलथवल्याचं मी एवढ्या वाचनात कुठे वाचलेलं नाही. माझं हे भाषण ऐकून आमचे निवृत्त पोस्टमास्तर इतके पेटले की दुसऱ्याच दिवशी त्यांनी आपला भलामोठा टीव्ही उचलून पुतण्याला देऊन टाकला आणि बैठकीत पडदा न ठेवण्याच्या आमच्या शपथपत्रावर सर्वांत वर सही केली. टीव्ही गेल्यावर त्यांची बायको दोन महिने त्यांच्याशी धड बोलली नव्हती. चळवळीसाठी माणूस काय काय सोसतो, ते पाहायचं तर त्यांच्याकडे पाहावं.

अशा घरात तू तो डबा पाठवलास. हातावर मावेल एवढा, काळा, मागे वायरींचा गुंता, आणि सोबत भिंतीवर टांगायचा टीव्हीसारखा चपटा पडदा.  तुझ्या ताईने तो टेबलावर ठेवला आणि पुसला. दुसऱ्या दिवशी पुन्हा पुसला. तिसऱ्या दिवशी पुसायला लागली तेव्हा मी ओळखलं की हा धुळीचा प्रश्न नाही. मी हजार माणसांच्या सभेला कधी घाबरलो नाही, पण एकच स्वच्छ वस्तू पुन्हा पुसणाऱ्या बायकोसमोर कोणता मुद्दा मांडायचा हे कुठल्याही पुस्तकात दिलेलं नाही. शेवटी मी अटी घालून परवानगी दिली. डबा दिसता कामा नये. पडदा दिसता कामा नये. आवाज खिडकीबाहेर जाता कामा नये.

यापुढची योजना माझी, आणि ती उत्तम होती. माझ्या कपाटात एक जाडजूड शब्दकोश होता. आतली पानं वाळवीने फस्त केली होती, कव्हर मात्र शाबूत. त्या कव्हरात तुझा डबा असा बसला की जणू त्याच्याच मापाचा शिवला होता. कण्यावर सोनेरी अक्षरं, आत तुझं यंत्र, बाजूला इतिहासाचे खंड. पडद्यावर मी जगाचा कापडी नकाशा सोडला, दोरी ओढली की गुंडाळला जाणारा. स्पीकर कपाटाच्या माथ्यावर जुन्या मासिकांच्या गठ्ठ्यामागे. एक गोष्ट तेवढी लक्षात आली नाही. डबा तापतो. शेजारची मांजर रोज येऊन नेमकी त्या शब्दकोशावर झोपायला लागली, आणि आमच्या घरी आल्यागेल्याला वाटायचं की या घरातल्या मांजरीलाही वाचनाची ओढ आहे. मी ते वाटू दिलं.

एकदा पोस्टमास्तर शब्दकोडं घेऊन आले आणि सरळ कपाटाकडे वळले. मी आडवा झालो. म्हटलं, शब्दकोश कशाला, मी बसलोय ना, शब्द विचारा. त्यांनी विचारला. तो शब्द मी जन्मात ऐकला नव्हता. पण व्यासपीठावरची सवय, मी बेधडक अर्थ ठोकून दिला. त्यांचं कोडं उभं-आडवं पार फसलं. तरी बिचारे म्हणाले, कोडंच चुकीचं छापलं असणार. इतका विश्वास ठेवणारी माणसं असली की आपल्यालाच फार जपून वागावं लागतं, शालकमहाराज.

संध्याकाळी खिडक्या लागायच्या, नकाशा वर जायचा आणि तुझी ताई एक मालिका बघायची. दीपगृहात खून होतो, मेलेल्याची विधवा आणि स्वयंपाकी धरून सहा माणसं तिथे अडकतात, आणि बाहेर समुद्र खवळलेला. मी बघत नव्हतो, हे इथे स्पष्ट करतो. मी त्याच खोलीत, त्याच सोफ्यावर, त्याच दिशेला तोंड करून वाचत बसत होतो. पुस्तकाचं एकच पान मला तीन आठवडे पुरलं, कारण विषय गहन होता. मधूनमधून मी केवळ विवेचक दृष्टीने ताईला सांगायचो की खुनी तो स्वयंपाकी आहे. ती म्हणायची, तुम्ही वाचा.

आणि मग व्हायचं ते झालं. वाचनालयाच्या सभागृहाला रंग देण्याचं काम निघालं. अध्यक्षीणबाई म्हणाल्या, यंदा शपथेची सभा तुमच्याच घरी घेऊ, तुमच्या बैठकीच्या खोलीचा फोटो काढून आदर्श खोली म्हणून वाचनालयात लावू. माझं धाबं दणाणलं. पण नाही कोणत्या तोंडाने म्हणणार? मी ताईला म्हटलं की सभा संपेपर्यंत डबा माळ्यावर टाकू. ती म्हणाली, "तुम्ही भाषणाकडे लक्ष द्या. डब्याचं मी बघते." मी निर्धास्त झालो. या घरात जे काम ती बघते म्हणते ते होतंच.

सभेला खोली भरली. खुर्च्या मी गोल मांडल्या होत्या, सगळे समोरासमोर. पोस्टमास्तर पहिल्या खुर्चीत, त्यांच्या शेजारी त्यांची बायको, आता थोडंफार बोलणारी. मांजर शब्दकोशावर. मी बोलायला उभा राहिलो आणि खरं सांगतो, इतका चांगला मी कधी बोललो नव्हतो. बसचं वाक्य झालं, टाळ्या झाल्या. फोटोवाले तयार. मग मी शिखराकडे निघालो. म्हणालो की त्याग शिकायचा तर या घरच्या गृहिणीकडून शिका. आजवर तिने एकदाही पडदा मागितला नाही. तिला त्याची आठवणसुद्धा होत नाही. विचारा तिला. (ती स्वयंपाकघराच्या दारात मोबाईल हातात घेऊन उभी होती. किती कप चहा टाकायचा त्याचा हिशेब करत असावी.)

तेवढ्यात शब्दकोश घरघरला. मांजर उडी मारून पळाली. कपाटाच्या माथ्यावरून एक बाई कडाडली, "एवढं खोटं बोलताना तुमची जीभ कशी अडखळत नाही?" आणि जगाचा नकाशा आतून उजळला. दोन खंडांच्या मधल्या समुद्रात दीपगृहातल्या त्या विधवेचे डोळे, आणि ते नेमके माझ्याकडे रोखलेले.

मी आजवर सभेत दगड झेललेत. वीज गेल्यावर अंधारात तासभर बोललोय. पण स्वतःच्या कपाटाने जाब विचारण्याची ही पहिलीच वेळ. तरी हरलो नाही. हात उंचावून म्हणालो की पाहा, शत्रू पुस्तकांच्या आत शिरलाय. कोणी टाळी वाजवली नाही. अध्यक्षीणबाईंनी उठून दोरी ओढली. नकाशा वर गेला. आदर्श खोलीच्या भिंतीवर दीपगृह, लाटा आणि सहा माणसं.

मी पोस्टमास्तरांकडे पाहायचं टाळत होतो. इतरांच्या सह्या फक्त सह्या होत्या. या माणसाने घरातला टीव्ही दिला होता, वर बायकोचा अबोला सोसला होता, माझ्या एका वाक्यावर विसंबून. ते उठले, माझ्याजवळ आले. मला वाटलं, आता शपथपत्र फाडतात. त्यांनी कानाशी येऊन हळूच विचारलं, "हा कितवा भाग?"

मी म्हणालो, सातवा.

"मी तिसऱ्यापर्यंत पाहिला होता," ते म्हणाले. "मग टीव्ही दिला. दोरीवर रक्त सापडलं होतं. पुढे काय झालं हो?"

मग मला सांगावं लागलं. चौथा, पाचवा, सहावा. हातवारे करून, आवाज चढवून, विधवेचा कावा, स्वयंपाक्याची चाल, सगळं. शालकमहाराज, इतकी वर्षं मी या लोकांपुढे बोलतोय, पण कोणी घड्याळाकडे पाहिलं नाही असं त्या दिवशी प्रथमच घडलं. अध्यक्षीणबाईंनी मधेच मला दुरुस्तही केलं, तेव्हा कळलं की त्यांच्या दवाखान्यात दात काढायला आलेल्यांना भूल चढेपर्यंत त्या हीच मालिका लावून ठेवतात. पोस्टमास्तरांची बायको नवऱ्याकडे बघून एवढंच म्हणाली की टीव्ही द्यायच्या आधी निदान भाषणवाल्याचं घर बघून यायचं होतंत. ते मान खाली घालून बसले. मीही. मग सगळे सातवा भाग बघायला बसले आणि खुर्च्या एकाच भिंतीकडे वळल्या. फोटो कोणी काढला नाही.

तेव्हा तात्पर्य असं की तुझं यंत्र सदोष आहे. जे यंत्र मालकाच्या इच्छेविरुद्ध, ऐन भाषणात, नको त्या वाक्यावर सुरू होतं ते घरात ठेवणं धोक्याचं आहे. माझी मतं आजही तीच आहेत, तसूभरही हललेली नाहीत. ये आणि घेऊन जा.

तुझा (तुझ्या ताईच्या आग्रहामुळे) स्नेहांकित,
भाऊजी

ता. क. शनिवारी येऊ नकोस. शनिवारी वाचनालयाची मंडळी आमच्याकडे जमतात. आधी एक भाग बघतात, मग दोन तास समोरासमोर बसून त्यावर भांडतात. चळवळीचाच हा पुढचा टप्पा आहे असं मी त्यांना समजावलं आहे, आणि अध्यक्षीणबाई वगळता कोणी हसलं नाही.

आणखी एक ता. क. घेऊन जायचं जरा थांबव. येताना डब्यात बसवायला न घरघरणारा पंखा आण आणि लांब वायर आण, म्हणजे पडदा मोठ्या भिंतीवर नेता येईल. मागच्या खुर्च्यांना नीट दिसत नाही अशी पोस्टमास्तरांच्या बायकोची तक्रार आहे. एक खराखुरा शब्दकोशही आण. आणि तो डबा आपोआप का सुरू झाला ते कुणाला न सांगता तपास. मला अजून कळलेलं नाही. पाकीट ताईकडे देतो आहे, ती चिकटवून टपालात टाकेल.

बाळा, पाकीट चिकटवायच्या आधी दोन ओळी लिहिते. डबा चांगला आहे, काही तपासू नकोस. तू मोबाईलमधून तो चालवायला शिकवलंस ना, तसा स्वयंपाकघरातून मीच चालवला. ते वाक्य शोधायला अख्खी दुपार गेली. शोधून तिथेच थांबवून ठेवलं होतं. यांनी रोज संध्याकाळी शेजारी बसून बघायचं आणि दर सभेत सांगायचं की हिला आठवणही होत नाही. मग रोज तिथे बसून बघत होते ती मी कोण? आता खिडक्या उघड्या असतात. वारा छान येतो. हे आत्ता माझ्या शेजारीच बसलेत, पुस्तकही हातात नाही, आणि शेवटचा भाग सुरू व्हायच्या आधीच खुनी कोण ते सांगताहेत. डब्याचा आवाज कमी करायचं बटण मला सापडलं. यांचं असेल तर कळव.