सातव्या गल्लीतली बाई

२ मार्च, सकाळ

काल गेम बाजारात आला. ‘ग्रिडनायक’. खेळणाऱ्याने एका अख्ख्या शहराची वीज सांभाळायची. वीजकेंद्रं, तारा, ट्रान्सफॉर्मर, संध्याकाळचा लोड, सगळं. नोकरी सोडून वर्षभर एकट्याने बसून केला. आता लोकांना कळेल.

संकल्प: खेळाडूंची मतं वाचायची नाहीत. मतं वाचणं हे हौशी माणसाचं काम. आपण पुढच्या कामाला लागायचं.

बायकोशी ठरलंय ते असं. मार्चअखेर गेमच्या पानावर खेळाडूंच्या मतांवरून ‘बहुतांशी चांगला’ असा शेरा आला तर पुढेही हेच करायचं. नाही आला तर मेहुण्याच्या ऑफिसात रुजू व्हायचं. मेहुणा पार्किंगच्या पावत्यांचं सॉफ्टवेअर करतो. हे वाक्य लिहून दोनदा खोडलं.

तीच तारीख, साडेनऊ

एकच मत वाचलं. चाचणीपुरतं. “मला झोपेचा त्रास होता. हा गेम घेतल्यापासून नाही. आभारी आहे.”

माणसाने शेरा चांगला दिलाय, म्हणून सोडून दिलं.

४ मार्च

किळस आली. दुसरा शब्द नाही.

या गेममधली सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे फ्रिक्वेन्सीचा आलेख. वरच्या कोपऱ्यात हिरवी रेघ सतत थरथरत असते. शहराची मागणी वाढली की रेघ खाली, केंद्र सुरू केलं की वर. खऱ्या ग्रिडमध्ये अगदी असंच होतं. यावर माझे सहा महिने गेले, डोळ्यांचा नंबर वाढला. आणि आज एक महाभाग विचारतो, कोपऱ्यातलं ते हिरवं गांडूळ बंद कसं करायचं? त्याच्याखाली सगळ्यांनी मिळून ‘गांडूळ’, ‘गांडूळ’ चालवलंय. एकाला शहरात राक्षस हवाय. एक म्हणतो, लाईट गेली की गाणं लावा. अक्कल गहाण टाकून खेळायला बसतात ही मंडळी.

संकल्प: कोणालाही उत्तर द्यायचं नाही.

दुपारी चौघांना उत्तरं दिली. गांडूळवाल्याला जरा सविस्तर, आकृत्यांसह. त्याने आधी शेरा चांगला दिला होता, तो बदलून वाईट केला. समजून घ्यायची तयारीच नाही.

७ मार्च

नवीनच भानगड. एक मत असं: “गेम टाकाऊ. पण सातव्या गल्लीतल्या बाईसाठी घ्याच.”

कोण सातव्या गल्लीतली बाई? मलाच आठवेना. मग कोड उघडून पाहिला आणि कपाळावर हात मारला.

गेममध्ये एखाद्या गल्लीची लाईट गेली की तिथल्या रहिवाशाचा कंट्रोल रूमला फोन येतो आणि पडद्यावर त्याचं बोलणं उमटतं. चाचणीच्या वेळी मला तिथे काहीतरी तात्पुरता मजकूर भरायचा होता. आम्ही सगळेच भरतो, नंतर बदलतो. त्या दिवशी बायको शेजारच्या खोलीतून बोलत होती. जे कानावर पडलं ते टाकलं. फक्त ‘तू’चं ‘तुम्ही’ केलं. बाकीच्या गल्ल्यांचा मजकूर नंतर नीट बसून लिहिला. सातवीचा बदलायचा राहिला.

ती बाई म्हणते: “लाईट गेलीय. तुम्हाला माहीत असेलच. मी आपलं सांगून ठेवते.”

मग म्हणते: “घाई नाही. मागच्या वेळीही नव्हती.”

मग: “आहात ना तिथे? आवाज नाही आला म्हणून विचारलं.”

यात आवडण्यासारखं काय आहे? घरी मी हे रोज ऐकतो. मला तर एकदाही हसू आलेलं नाही.

११ मार्च

लोक मुद्दाम सातव्या गल्लीची लाईट घालवतात. तिचे फोन यावेत म्हणून! बाकी शहर लखलखतंय, हॉस्पिटल चालू, कारखाने चालू, फ्रिक्वेन्सी सुतासारखी सरळ, आणि हे सातवीत अंधार करून फोनची वाट बघत बसतात. रुग्णालयाचा लोड मी किती बारकाईने बांधलाय, त्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही.

शेरा मात्र ‘संमिश्र’पर्यंत चढला. हे आलेखामुळे असावं. लोक उघड कबूल करत नाहीत एवढंच.

बायको पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. संध्याकाळी घरी आल्यावर तिने विचारलं, कसा चाललाय गेम? म्हटलं, फ्रिक्वेन्सी आवडतेय लोकांना. तिने मान डोलावली आणि जेवण झालं का ते विचारलं. मी हेडफोन लावून बसलो होतो, त्यामुळे हो म्हटलं. झालं नव्हतं. हे नंतर माझ्या लक्षात आलं, तेव्हा ताट झाकून ठेवलेलं होतं.

“जेवण झाकून ठेवलंय” हे वाक्यही गेममध्ये आहे. लोक त्यावर जीव टाकतायत.

१४ मार्च

अपडेट काढला. लोकांना बाई हवी ना, घ्या बाई. तिच्यासाठी नवी वाक्यं स्वतः लिहिली. बायकांचं मन मला उत्तम कळतं. “अहो साहेब, माझ्या घरी काळोख पसरला आहे, माझे हृदय व्याकूळ झाले आहे.” अशी बरीच.

रात्रीच्या आत निकाल: “ही ती बाई नाही.” “आमची बाई कुठे नेली?” “ही बाई कोणा पुरुषाने लिहिलीय आणि त्याचं लग्न झालेलं नसावं.”

माझं लग्न झालेलं आहे. तसं उत्तर लिहिलं. त्याखाली कोणीतरी एकच शब्द लिहिला: “बिचारी.”

शिसारी आली या लोकांची. शेरा पुन्हा खाली घसरला.

१७ मार्च

माझी वाक्यं काढून जुनी परत घातली आणि शांतपणे विचार केला. माल घरातच आहे, फक्त बाहेर काढायला हवा. याला संशोधन म्हणतात.

सकाळी ओला टॉवेल पलंगावर टाकला आणि कान देऊन बसलो. बायकोने टॉवेल उचलला, वाळत घातला. काही बोलली नाही. दुपारी तिचा फोन आला, लॅबमधून निघायला उशीर होईल, कपडे आत घेशील का? घेतले नाहीत. वारं सुटलं, धूळ आली, सगळे पुन्हा धुवावे लागणार. ती आली, बघितलं आणि म्हणाली, “असू दे.”

एवढंच. “असू दे.” ताबडतोब टाकलं. दोन तासांत लोक रडायला लागले. एकाने लिहिलंय की त्याने ते वाचून गेम थांबवला आणि आईला फोन केला.

सरळ साध्या दोन शब्दांना हे! मी रिॲक्टिव्ह पॉवरवर तीन पानं लिहिली आहेत, मदत विभागात. कोणी उघडलेली नाहीत.

१९ मार्च

आज बायकोचा वाढदिवस होता. मी मुद्दाम विसरलो. म्हणजे सकाळी विसरलो होतो, पण संध्याकाळी लक्षात आल्यावर ते मुद्दामच राहू दिलं, संशोधनाच्या दृष्टीने. तिच्या लॅबमधल्या लोकांनी दिलेली फुलं ती पाण्यात ठेवत होती. तेव्हा मी विचारलं, कसली गं फुलं?

ती म्हणाली, “काही नाही रे. मलाही दुपारपर्यंत आठवत नव्हतं.”

अप्रतिम. बाथरूममध्ये जाऊन फोनमध्ये टिपून घेतलं. बाईच्या तोंडी असं घातलं: “आज माझा वाढदिवस होता. लाईट नव्हती म्हणून सांगितलं नाही. मलाही दुपारपर्यंत आठवत नव्हतं.”

विशेषतः लाईटचा तुकडा माझा आहे हे इथे नोंदवून ठेवतो.

२१ मार्च

कहर झाला. वाढदिवसाच्या वाक्याचं चित्र लोक एकमेकांना पाठवत सुटलेत. ज्यांनी कधी गेम हातात धरला नाही तेही. शेरा ‘संमिश्र’च्या वर निघालाय. मेहुण्याचा फोन आला. म्हणाला, भावोजी, आमच्या ऑफिसात सगळे वाचतायत, हसून हसून पुरेवाट. मग म्हणाला, ती बाई ओळखीची वाटते. मी ग्रिडचा विषय काढला. त्याला लगेच काम आठवलं.

सगळ्यांची घाण वाटते मला. जिथे तंत्र आहे तिथे यांचं लक्ष नाही, आणि कोणाच्या घरातलं बोलणं असलं की डोळे लावून बसतात. (टीप: हे लोकांच्या उथळपणाबद्दल आहे.)

२३ मार्च

बायको गप्प आहे. परवापासून. “चहा ठेवलाय” आणि “दार लावून घे” याखेरीज काही नाही. घरात एवढी शांतता वर्षभरात नव्हती. कामाला फारच चांगलं वातावरण.

अडचण एकच, पुढच्या अपडेटला माल नाही. टॉवेल पुन्हा टाकून पाहिला, या वेळी दारातच. तिने तो उचलला नाही, बाजूने गेली.

संध्याकाळी मात्र तिने स्वतःहून लॅपटॉप मागितला. गेम बघायचाय म्हणाली. वर्षात पहिल्यांदा! उशिरा का होईना, घरात किंमत कळली. मी खुर्ची ओढून आलेख समजावायला बसलो. ती म्हणाली, माझी मी बघते.

२५ मार्च

ती रोज लॅबमधून आल्यावर जेवणाच्या टेबलावर बसून खेळते. मी आतल्या खोलीतून कान देतो. गेममध्ये फोन आला की घंटी वाजते. तिच्या खेळात पहिल्या दिवशी घंट्याच घंट्या. आठवी गल्ली, बारावी, हॉस्पिटल, कारखाना. म्हणजे शहर पार अंधारात. सोप्यात सोप्या पातळीवर! तिला ग्रिड कळत नाही हे उघड आहे. मोठ्या मनाने काही बोललो नाही.

संकल्प: एक तारखेनंतर तिला फ्रिक्वेन्सी नीट शिकवायची.

२८ मार्च, सकाळ

‘बहुतांशी चांगला’!!

आला. पानावर निळ्या अक्षरांत आला. पार्किंगच्या पावत्या गेल्या खड्ड्यात. मेहुण्याला कळवायचं नाही, त्याचं त्याला कळू दे. संध्याकाळी बायको आली की सांगतो. बाहेर जेवायला जाऊ. टेबल सांगून ठेवायचं.

तीच तारीख, संध्याकाळ

टेबल सांगायचं राहिलं. त्याचं आता काही नाही.

ती आली तेव्हा दारातच सांगितलं. ती म्हणाली, अभिनंदन. मग बॅग खाली न ठेवताच बसली. म्हणाली, गेल्या आठवड्यात लॅबमध्ये दुपारच्या डब्याला तिच्या मैत्रिणीने सातव्या गल्लीतल्या बाईची वाक्यं फोनमध्ये बघून मोठ्याने वाचून दाखवली. सगळ्या हसल्या. तीही हसली. टॉवेलच्या दिवशीचं ‘असू दे’ आलं तेव्हा जरा कमी हसली. मग वाढदिवसाचं आलं. ज्यांनी फुलं दिली होती त्याच सगळ्या बसल्या होत्या. कोणी हसलं नाही मग.

मी म्हणालो, ते तात्पुरतं होतं, बदलायचं राहिलं. मी म्हणालो, नाव कुठे आहे तुझं? मी म्हणालो, लोकांना तू केवढी आवडतेस ते बघ, मतं वाच. या तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

ती म्हणाली, “मी खेळले तुझा गेम. सगळं शहर जाऊ दिलं आणि फक्त सातव्या गल्लीची लाईट चालू ठेवली. ती एकदाही फोन करत नाही रे. तू कधी करून बघितलंस का?”

मी सांगितलं की तसं करता येत नाही. एका गल्लीसाठी केंद्र चालवलं तर फ्रिक्वेन्सी वर जाते, यंत्रं ट्रिप होऊन बंद पडतात, म्हणून तर तो आलेख आहे. नीट समजावून सांगितलं. तिने शेवटपर्यंत ऐकलं. वर्षभरात आलेखाबद्दल शेवटपर्यंत ऐकणारी ती पहिलीच.

मग आत जाऊन तिने दुसरी बॅग भरली. थोरल्या बहिणीकडे जाते म्हणाली. किती दिवस ते बोलली नाही. मी विचारलं नाही, कारण मनात विचार चालला होता की “तू कधी करून बघितलंस का” हे वाक्य ‘तुम्ही’ करून बसेल का. हे लिहायला नको होतं. पण ही रोजनिशी माझी आहे.

३० मार्च

सात नंबरचा सगळा मजकूर काढून टाकावा असं ठरवलं. मग पुन्हा वाचला. काढला तर शेरा जाईल. तो गेला तर मेहुण्याकडे बसावं लागेल, आणि मेहुणा तिचा भाऊ आहे. सध्या त्याच्यासमोर बसणं नको. मजकूर राहू दिला.

घरात ताटं आहेत पण झाकणं सापडत नाहीत.

३१ मार्च, संध्याकाळ

मुदत संपली. शेरा टिकला. मी जिंकलो आहे हे इथे स्पष्ट लिहितो.

आज एकच मत वाचलं. “सातव्या गल्लीला सलग लाईट देऊन पाहिली. बाईचा फोनच येत नाही. बग आहे. लवकर दुरुस्त करा.”

उत्तर लिहिलं: “बग नाही.” आकृती जोडली नाही.

जेवण केलं. म्हणजे अंडी उकडली, आणि तिच्या वाट्याची कशावर तरी कशीतरी झाकून ठेवली. मग तिला फोन लावला. वाजला, वाजला, उचलला नाही. मेसेज केला: “घाई नाही. मी आपलं सांगून ठेवतो.” थोड्या वेळाने आणखी एक केला: “आहेस ना तिथे? आवाज नाही आला म्हणून विचारलं.”

अजून उत्तर नाही. तिकडे बहुतेक लाईट गेली असेल.