परदेशी पाहुणीला मी काय सांगितलं

बालाघाट, मंगळवार, संध्याकाळ

वाढती वस्ती आणि घरांच्या प्रश्नावर आपलं बालाघाट एका परदेशी शहरासोबत काम करून राह्यलं. त्या शहराची पाहुणी आज आली. दुभाषी मीच.

तिची गाडी नाल्याकाठच्या वस्तीत पोचावी म्हणून परवा आमच्याच नगरपालिकेच्या लोकांनी चार घरं पाडली. त्यातलं एक सुभद्राबाईचं. आज ती सरळ पुढे आली आणि पाहुणीचा हात तिनं दोन्ही हातांत घट्ट धरला.

"बाई, तुमच्या गाडीसाठी माह्यं घर पाडलं. लेक बाळंतीण हाय, तिले कुठं नेऊ?"

नगरपालिकेचे साहेब माझ्याकडे पाहत होते. मी इंग्रजीत म्हणालो, रस्ता झाला म्हणून ही आभार मानते.

पाहुणीचे डोळे भरून आले, ती इंग्रजीत काहीतरी बोलली. सुभद्राबाई तिचा हात सोडेना.

"काय म्हणते ते?" सुभद्राबाईनं मला विचारलं.

"नवं घर देतो म्हणते."

काहून बोललो मी असं? पहिलं खोटं नोकरीसाठी, हे कबूल. दुसरं? तो हात सुटावा म्हणून, बस. आणि सुटला.

तेवढ्यात मायलेकींना न्यायला सुभद्राबाईचा भाऊ लालबर्ऱ्याहून गाडी घेऊन आला. सुभद्राबाईनं त्याला परत पाठवलं. "इथंच घर भेटून राह्यलं आमाले. आता कायले येऊ?"

मी दोन पावलांवर उभा होतो.

जाताना भाऊ मला वाकून नमस्कार करून गेला.